कापणीच्या सणाला आलेली घोडी

काय सांगू तुम्हाला, माझ्या हातून आयुष्यात एकच चोरी झाली, आणि तीही देवळाच्या अंगणात, भरल्या मंडळीसमोर, प्रार्थना करून.

निजामाच्या अमलातली गोष्ट. सेलूपासून दोन कोसांवर आमची ख्रिस्ती वस्ती; चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. वस्ती ओढ्याच्या अलीकडे, गाव पलीकडे. ओढ्याला पाणी आलं की आम्ही अडकलोच. एका पावसाळ्यात शेजारच्या मार्थाचे दिवस भरले, तर सुईण पलीकडच्या काठावरून ओरडून सांगायची आणि मी इकडे ऐकून ऐकून करायची. बाळ सुखरूप झालं, पण माझ्या अंगाचं पाणी झालं.

हे मानवतला माझ्या विहीणबाईंच्या कानावर गेलं. माझी लेक रिबका पहिलटकरीण, श्रावणात दिवस भरणार. विहीणबाईंचा निरोप आला, "ओढ्यावर गाडी जाईल अशी दगडी फरशी झाली तर सुनेला माहेरी धाडीन. न्हाईतर न्हाई." आता लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी नाही, हे कुठल्या आईला पचेल?

आमचे मालक फरशीसाठी तीन वर्षं तहसिलीत अर्ज्या देत होते. मी म्हणायचे, "अहो, ओढा आपला, दगड आपले, हात आपले. यात सरकार कुठून आलं?"

"सरकारचं काम सरकारनं करावं. तुला काय कळतंय त्यातलं?"

मला काही कळत नव्हतं, पण मी नेमाची बाई. फरशी होईपर्यंत भाकरीबरोबर मीठ-चटणी घ्यायची नाही, असा नेम धरला. देवळातले पाळकसाहेब हसले. "शांताबाई, प्रभूशी सौदा करू नये." मी म्हटलं, "सौदा नाही साहेब, आठवण करून देतेय."

आमच्याकडे ज्वारी निघाली की कापणीचा सण. ज्याला जे जमेल ते अर्पण करायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. गावातली हिंदू मंडळीही हौसेनं येत. रोकड कुणाकडेच फारशी नसे, म्हणून आमच्या वस्तीत बोली दिवसांची. कोंबडीला दोन दिवस, शेळीला दहा. ज्याची बोली वर राहिली, त्यानं तितके दिवस मंडळीच्या कामावर राबायचं किंवा आपला गडी-गाडी द्यायची. त्या साली सगळे दिवस फरशीला द्यायचे ठरले. आमचे गवंडी पौलसमामा म्हणाले, "शंभर दिवस जमल्याबिगर फरशी व्हत न्हाई बगा."

आणखी एक रीत होती. जनावर देणाऱ्यानं नाव सांगायचं नाही. देवळामागच्या चिंचेखाली गुपचूप बांधून निघून जायचं. मग लिलावाआधी प्रत्येक जनावराच्या कपाळाला चुन्याचा ठिपका लावायचा, ते काम माझं.

त्या सकाळी मी गुडघे टेकून मागितलं, "प्रभू, आज जरा मोठं काहीतरी धाड." उपासना संपली, चुन्याची वाटी घेऊन चिंचेखाली गेले, तर दोन शेळ्या, चार कोंबड्या आणि एक पांढरीशुभ्र घोडी!

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं होतं? मी तिथंच डोळे मिटले, आभार मानले आणि ठिपका लावला. पांढऱ्या कपाळावर तो दिसेना, म्हणून झेंडूची माळही घातली.

लिलावात घोडी आणली तशी मंडळी माना उंचावून बघायला लागली. शेळ्या-कोंबड्यांचे मिळून तीसेक दिवस जमले होते.

गावचे पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाले, "चाळीस."

"पन्नास," कापसाचे व्यापारी शेठजी बोलले.

"साठ. बैलगाडीसकट," पाटील म्हणाले.

"शेठजी, बसता येतंय का तुमाला घोडीवर?" मागून कुणीतरी म्हणालं. शेठजींचा आकार बघता प्रश्न रास्त होता. ते चिडून म्हणाले, "सत्तर!"

"ऐंशी," पाटील म्हणाले आणि उठून घोडीवर बसलेसुद्धा.

ऐंशी आणि तीस. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तेवढ्यात ओढ्याकडून गुडघाभर चिखलानं माखलेले एक गृहस्थ आले, मागे पटवारी. आमच्या अर्जीची चौकशी करायला तीन वर्षांनी आलेले तहसिलीतले अंमलदार, गिरदावरसाहेब! येताच घोडी चिंचेच्या सावलीला बांधून परस्पर ओढा बघायला गेले होते.

"बाई, माझी घोडी कुठंय?"

"कोणती घोडी?"

"ही."

"ही पाटलांची हाय."

"कधीपासून?"

"आत्तापासून," मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

मग मला सगळं उमगलं. मालकांनी पटक्याचा शेव तोंडावर ओढला. पटवारी पोट धरून हसायलाय, पाळकसाहेब हात जोडून माफी मागायलेत, आणि मी हातात चुन्याची वाटी घेऊन उभी. एकशेदहा दिवसांतले ऐंशी गेले, लेकीचं माहेरपण गेलं, अब्रूही गेली.

पाटील खाली उतरले. "साहेब, घोडी तुमची, न्या. पण दिवस मी देवाच्या दारात बोललोय, तुमच्या दारात न्हाई. ते माघारी घेता येत न्हाईत. ऐंशी दिवस दिले."

शेठजींना हे सहन होणार होतं का? "मग माझेबी सत्तर धरा."

पौलसमामा बोटं मोजता मोजता खालीच बसले.

गिरदावरसाहेबांनी घोडीच्या गळ्यातली माळ काढली. मी भीत भीत विचारलं, "साहेब, लेक बाळंतपणाला यायचीय. फरशीला इजाजत लागंल का?"

"नव्या कामाला लागते. कागद परभणीला जाईल, तिथून हैदराबादला. तवर तुमची लेक आजी होईल." मग चिखलाच्या विजारीकडे बघून म्हणाले, "मी लिहितो, फरशी आधीपासून हाय, मोडलीय. दुरुस्तीला कुणाला विचारावं लागत न्हाई. फक्त घोडीचं कुठं बोलू नका."

म्हणूनच मी त्यांचं नाव सांगत नाही.

ज्येष्ठ सरायच्या आत फरशी झाली. पहिली गाडी वाजत गाजत तिच्यावरून आली ती रिबकाची, आणि शेजारी खुद्द विहीणबाई. मालक हळूच सगळ्यांच्या कानात सांगत होते, "सरकार तीन वर्षांत करू शकलं न्हाई, ते त्याच्या घोडीनं एका सकाळी केलं."

मी जरा मान वर करून हिंडायला लागले होते. पण रविवारी देवळात शिरले, तर पौलसमामा सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "शांताबाई, आता तेवढं शाळेचं छप्पर राहिलंय. तहसीलदारसाहेबास्नी एकदा उपासनेला बोलवा की. त्यांच्याकडं मोटार हाय म्हणं."