नातजावयाचं देवक

आमच्या नातजावयाचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. त्याची आई फोनमधून भाषांतर करून माझं सगळं वाचते, आणि तो फोन तिला काय सांगेल याचा भरवसा नाही. एवढंच सांगते की आडनाव इंग्रजी आहे, तिकडे गल्लोगल्ली सापडतं, आणि ते मुळात आलं कुठून याचा छडा साताऱ्यात बसून मी लावला. छडा म्हणजे छडाच. पुस्तकं त्यानं चाळली, अक्कल माझी.

ही वेळ आली ती आबांमुळे. आबा म्हणजे माझे थोरले दीर. वडूजजवळ आमचं गाव आहे, तिथे ते राहतात. फौजेतून येऊन जमाना झाला तरी बोलणं अजून परेडचं. आमच्या घराण्यात लग्नाचं देवक थोरल्याच्या हातानं बसतं. आमचं देवक पंचपालवी, म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या; ती मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणायची, मांडवाच्या मेढीला बांधायची, मग हळद. मुलाकडचं देवक त्यांचं वेगळं. दोघांचं एकच निघालं तर ती बहीणभाऊ ठरतात आणि सोयरीक तिथेच मोडते.

नातीनं विलायतेत नोकरी करता करता तिकडचाच मुलगा पसंत केला. आबांनी रंग गिळला, धर्म गिळला, मुलगा चहात साखर घेत नाही हेसुद्धा गिळलं. आणि मग एकदम ब्रेक.

"देवक काय त्येचं?"

"आवं आबा, साहेबाला कुठलं देवक?"

"कूळ नसलेला मानूस असतोय व्हय? तुमी इचारलंसा का?"

"न्हाई इचारलं."

"मग इचारा. उद्या आपलंच निघालं म्हंजे? म्या न्हाई बसवायचा देवक."

गोऱ्याचं आणि आमचं देवक एक निघेल ही भीती जगात एकट्या आबांनाच पडू शकते. पण सुट्टीवर आलेली नात हसली नाही. तिचे आईबाप नोकरीपायी पुण्यात असताना तिला आबांनीच सांभाळलेलं. सायकल त्यांनी शिकवली, मागं धरून पळत. ती म्हणाली, "आबा मांडवात नसतील तर गावात लग्नच नको, आजी. आम्ही तिकडे कचेरीत सह्या करून मोकळे होतो." आणि तोंड धुवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही. तेव्हा मी पदर खोचला.

आडनावं हा तसा माझा जुनाच विषय. सांगलीला कॉलेजात होते तेव्हा मला माझ्या आडनावाची भारी लाज. आमचं माहेरचं आडनाव एका भाजीवरून आलेलं, आणि हजेरीला ते पुकारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी भाव विचारायचं. इंग्रजीच्या धड्यांतली आडनावं मात्र मला झुंबरासारखी वाटायची. एक तर इतकं आवडलं की वहीच्या मागच्या पानावर माझ्या नावापुढे ते लावून मी वर्षभर सही घोटली. त्या आडनावाचा माणूस घोड्यावरून येतो, हातमोजे काढतो आणि मला काहीतरी विचारतो, असं पुढचं ठरलेलं होतं. आला तो वडूजकडचा, एस.टी.नं, आणि त्याचं आडनाव एका पक्ष्यावरून. तोही मोर नव्हे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी मुलाला धरलं. नात मध्ये बसून भाषांतर करत होती.

"तुमच्या घराण्यात कुठलं झाड तोडत नाहीत? कुठला पक्षी मारत नाहीत?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "आमच्याकडे एक कुत्रा आहे."

"आडनावाचा अर्थ काय तुझ्या?"

ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्या बापालाही नव्हतं. अर्थ न विचारता माणसं पिढ्यान् पिढ्या एक शब्द अंगावर बाळगून हिंडतात याचं मला नवल वाटलं. आमच्यात सोयरीक जुळवताना मामाच्या मामाचं कूळ काढतात. मी त्याला सांगितलं, पुढच्या रविवारपर्यंत शोधून ठेव, नाहीतर नात मिळायची नाही. नातीनं भाषांतर जरा मऊ केलं असावं, कारण तो हसला.

पण शोधलं मात्र मनापासून. पुढच्या रविवारी त्यानं पडद्यावर इंग्लंडचा नकाशाच धरला. त्याच्या आडनावाची माणसं जिथे जास्त तिथे रंग गडद. उत्तरेकडे डोंगराळ भागात काळंभोर, खाली येईल तसं फिकट. मी विचारलं, "त्या डोंगरात काय पिकतं?" म्हणाला, "काही नाही, मेंढ्या." मी म्हटलं, आता बोल.

मेंढ्या म्हणजे लोकर; तेवढ्या धाग्यावरून त्यानं पुस्तकं चाळली. तर काम असं होतं. लोकरीचं कापड मागावरून उतरलं की विरळ असतं. ते पाण्याच्या हौदात टाकून पायांनी तुडवायचं, तासन् तास, म्हणजे वीण आवळून बसते. ते तुडवणाऱ्याचं हे आडनाव. दक्षिणेकडे त्याच कामाला वेगळा शब्द, म्हणून तिथे आडनाव वेगळं. पश्चिमेच्या टोकाला आणखी तिसरं. तुडवणारे तेच. म्हणून तर नुसत्या आडनावावरून मूळ मुलूख कळतो. पुढे पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे आले, पायांचं काम गेलं, माणसं शहरात पांगली, बोटीत बसून ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. पाय गेले, नाव राहिलं.

हे तर मी पाहिलेलं. माझं आजोळ जतकडे. तिथे ओढ्याकाठी नवी घोंगडी भिजवून अशीच तुडवत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. एकदा मीही परकर वर धरून त्यांच्यात घुसले आणि आजीनं कानाला धरून बाहेर काढलं. काळं पाणी पोटरीवरून उतरायला दोन दिवस लागले.

"आणि एक सांगायचं राहिलं," मुलगा लाल होत म्हणाला. "हौदात नुसतं पाणी नसायचं. लोकरीचा तेलकटपणा जावा म्हणून... मूत्र घालत. शिळं."

"गाईचं?"

"नाही. माणसांचं. घरोघरून गोळा करून."

फोन ठेवता ठेवता मी माझं ते झुंबराचं आडनावही विचारून घेतलं. त्याचा अर्थ गाडीवान निघाला. म्हणजे मी सांगलीत वर्षभर बैलगाडीवाल्याची बायको म्हणून सह्या करत होते. एस.टी.नं आलेला तो त्यापेक्षा बरा.

मग गावी गेले. आबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले. सगळं सांगितलं: मेंढरं, डोंगर, हौद, तुडवणं. आबा ऐकत होते.

"म्हंजे घोंगड्याचं कूळ म्हना की."

"व्हय. आन् कापड शुद्ध व्हायला मूत्रात भिजवत्यात."

आबा ताठ बसले. "गोमूत्रात?"

मी मान हलवली. या वयात मान काय, आपोआपही हलते.

"लय जुनं घरानं दिसतंय," आबा म्हणाले. "आपली पंचपालवी, त्येची लोकर. सोयरीक व्हतीया." आणि उठून आत गेले, ते माळ्यावरची ट्रंक काढायला. तिच्यात आमचं देवाचं घोंगडं. देवक आणल्यावर त्याच्यापुढे तेच अंथरतात.

लग्नाच्या आठवड्यात मुलगा आला. आबांनी त्याला जेवूसुद्धा दिलं नाही नीट. विहिरीवरच्या हौदात घोंगडं भिजत घातलेलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याला आत उतरवलं. त्यानं पाय टाकला आणि घसरून बसलाच. सगळी भावकी कठड्याला.

"आडनाव लावतुयास आन् पाय पडंना व्हय रं?" आबा ओरडले. "टाच दे. टाच. लेफ्ट, राइट."

लेफ्ट-राइट त्याला कळलं. हळूहळू पाय बसले, पाणी काळं झालं. नात कठड्यावर बसून बघत होती, आणि आबा तिच्या खांद्याला धरून उभे.

तेवढ्यात आबांनी हाक मारली आणि गोठ्याकडून तांब्या आला. आबांनी तो स्वतःच्या हातानं हौदात ओतला. "त्यांच्यात तशी रीत हाय," त्यांनी भावकीला सांगितलं, अभिमानानं.

मुलगा थांबला. तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

माझी मान पुन्हा आपोआप हलली. तो बिचारा तुडवायला लागला.