मेंगियाच्या सपाता

अडीच हजार मीटरवरच्या त्या दगडी मुक्कामघरात न्याहारी किती वाजता मिळणार, हे मेंगियाच्या पायातल्या लोकरी सपाता ठरवत.

वसंतात स्कीवरून डोंगर ओलांडणारी माणसं मुक्कामाला आली, की पहाटे तीनला ती मागच्या दाराने बाहेर पडे आणि बर्फावर उभी राही. रात्री आभाळ मोकळं राहिलं असेल, तर बर्फाची वरची साय गोठून दगड झालेली असे आणि मेंगियाचं भरदार वजन पेलून धरी. मग चारला कॉफी. पाय रुतला तर ती कुरकुरत परत पांघरुणात शिरे आणि न्याहारी थेट आठला. न गोठलेला बर्फ उतारावरून कधी सुटेल याचा नेम नसतो, आणि उपाशीपोटी चढायला कोण निघतंय? बावीस हिवाळे हीच रीत. ‘बाई जाड आहे म्हणून आपण जिवंत आहोत,’ असं जुने गाईड म्हणत. त्यांच्या सूपचा डाव ती मुद्दाम अर्धाच भरी.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी तिची लेक सेराइना चार पाहुणे घेऊन आली. गाईडची परीक्षा पास झाल्यावरची तिची ही पहिलीच तुकडी. सकाळी वाल तोर्ताचा उभा उतार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचा बेत होता. पाहुण्यांची सुट्टी संपत आली होती, त्यामुळे घाईही होती. मेंगियाने ठरवलं, आपण एक अक्षर बोलायचं नाही.

पहाटे आभाळ भरलेलं होतं आणि हवा उबदार. तिचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. एरवी ती सरळ झोपायला गेली असती. आज ती तिथेच उभी राहिली, मग आत जाऊन तिने नवऱ्याला हलवलं.

“गियोन, ऊठ. बाहेर चल.”

“आग लागलीय का?”

“नाही. वजन हवंय.”

काठीसारखा गियोन बर्फावर उभा राहिला. “घोट्यापर्यंत गेला. मग? निघू दे की त्यांना.”

“तुझं काय, तू कापसावरसुद्धा उभा राहशील! माझा गुडघ्यापर्यंत गेलाय. पण आज मला माझ्याच पायाचा भरवसा नाही. बर्फ मऊ आहे, की मीच घाबरलेय?”

“सेराइना रांगायची तेव्हा तू तर जिन्यालासुद्धा दोरी बांधली होतीस.”

“एकदाच बांधली होती!”

तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून दिव्याचा झोत आला. सेराइना होती, हातात फावडं, मांड्यांपर्यंत ओली.

“तुमचं भांडण संपलं असेल तर सांगते,” ती म्हणाली. “अडीचपासून खड्डा खणतेय. हातभर खोलपर्यंत नुसता पाणचट रवा आहे. रात्री गोठलंच नाही काही. आई, न्याहारी आठला. माझे पाहुणे झोपू देत.”

“मी काही बोलले नाही हं,” मेंगिया घाईने म्हणाली.

“तुझं न बोलणं रात्रभर भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.”

गियोन हसत हसत आत पळाला.

दहाला ऊन पडलं. वाल तोर्ता दिवसभर समोर लखलखत राहिला. त्यावरून मूठभर बर्फसुद्धा घसरला नाही. पाहुण्यांमधले दातांचे डॉक्टर बोडमर सारखे खिडकीशी जाऊन येत होते.

“बघा, काही पडलं नाही. एव्हाना आपण पलीकडे पोचलो असतो.”

“पोचलो असतो, कदाचित,” पत्ते पिसता पिसता सेराइना म्हणाली.

बोडमर मेंगियाकडे वळले. “बाई, तुम्ही बावीस वर्षं इथे आहात. तुम्हीच सांगा, गेलो असतो की नाही?”

मेंगियाच्या जिभेवर निदान तीस वाक्यं आली. तिने अक्रोडाच्या केकचा जाडजूड तुकडा कापून त्यांच्या ताटलीत ठेवला.

“मला काय विचारता? तुमच्या गाईडला विचारा.”

सेराइनाने मान वर केली नाही. पत्ते वाटता वाटता तिने आईचेही पत्ते वाटले आणि शेजारची खुर्ची पायाने बाहेर ओढली.