परत न आलेल्यांची नोंद

इस्तारीभाऊ तळ्यात जाळी टाकणाऱ्या घरातले. चौथी शिकल्यामुळे चांदा जिल्ह्यातील जंगलाकाठच्या एका गावी ते खासगी डॉक्टरांकडे कंपाउंडर झाले. पुड्या बांधायच्या आणि रोग्यांची वही लिहायची, हे काम त्यांनी अठरा वर्षे केले. वहीतील शेवटचा रकाना निकालाचा. महिनाअखेर तो रिकामा दिसता कामा नये, अशी डॉक्टरांची शिस्त होती. हिवतापाचा रोगी तिसऱ्या दिवशी औषधाला आला नाही, की इस्तारीभाऊ त्याच्यापुढे ‘बरा’ लिहीत. उठून कामाला लागला असेल, असे ते समजत. निदान समजू पाहत.

डॉक्टर वारले. १९५४ साली नागपूरहून एक तरुण संशोधक त्या वह्या तपासायला आले. डासांवरची फवारणी कोणत्या गावांत आधी करायची, हे अशा नोंदींवरून ठरणार होते. आठवडाभर आकडेमोड करून ते खुशीत म्हणाले, “वा, भाऊ! शंभरात चौऱ्याण्णव बरे! तुमच्या वहीतली बारा गावे फवारणीच्या यादीतून वगळायला हरकत नाही.”

इस्तारीभाऊ दारातून आत आले.

“साहेब, जो परत आला नाई, त्याले म्या बरा लिवलं.”

“मग त्यांतले मेले किती?”

“मले मालूम नाई.”

संशोधकांनी पेनाचे टोपण लावले. “म्हणजे ही वही कामाची नाही.”

“महिनाभर थांबा, साहेब. घरोघरी इचारून येतो.”

दुसऱ्या दिवशी वही घेऊन ते पायी निघाले. पहिले घर गुणाबाईचे. ती अंगणात मोहफुले वाळत घालीत होती.

“कंपाउंडर भाऊ! तवा तं कोनी फिरकलं नाई. आता काऊन आले?”

“शकूचं इचाराले आलो, बाई.”

“मरली माही पोरगी. तीन वर्स झाले.” मग हात थांबवून तिने विचारले, “तुमच्या वहीत काय हाय?”

“बरी झाली, असं हाय.”

गुणाबाई जवळ आली. “मग राहू द्या ना, भाऊ. एका जागी तरी बरी राहू द्या.”

इस्तारीभाऊंनी वही उघडली. “धाकटी हाय ना तुमची?” ते म्हणाले. “शकूले बरी ठेवलं, तं फवारावाले या टोल्यात, तुमच्या वस्तीत, येत नाई.”

ती वहीकडे पाहत राहिली. “कोनतं नाव तिचं?”

त्यांनी दाखवले. तिने त्या अक्षरांवर बोट ठेवले. ती बोट उचलेपर्यंत ते थांबले. मग ‘बरी’ हा शब्द त्यांनी एका रेघेने खोडला.

“तारीख आठवते?”

“तारीख नाई मालूम. धान निसवलं होतं, लोंब्या निघत होत्या.”

त्यांनी समासात तेवढेच लिहिले.