पान्हा चोरला कुणी?

मंडळी, आज सकाळी भर रांगेत माझी फजिती झाली.

मी गावच्या दूध सोसायटीत दूध मोजून घेतो. माणूस शुद्ध शाकाहारी, अंड्याचा वाससुद्धा चालत नाही. आज कौसल्यामावशी आल्या, त्या एका हातात दुधाची किटली अन् दुसऱ्या हातात गावरान अंड्यांची टोपली घेऊनच.

"मावशी, अंडी तेवढी लांब ठेवा."

"कावून?"

"जीव असतो त्यात."

मावशींनी टोपली बाजूला सरकवली. मी किटलीत डोकावलो, तर दूध निम्मंच. सहज म्हणालो, "गाईनं पान्हा चोरला का काय?"

झालं! मावशींनी पदर खोचला.

"दुष्काळात चारा न्हाई, गाय आटत चालली. म्हणून दोन सडं मीच वासराला सोडली. अन् चोरला तरी तिचंच दूध, तिच्याच लेकरासाठी. चोर ती व्हय? पान्हा फुटला की वासराला ओढून बांधतो, मंग आपुन कोन? कोंबडीचं बरं हाय. अंडं घालती, गावभर वरडती अन् निघून जाती!"

सगळी रांग खो-खो हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

अंडं मी अजूनही खाणार नाही. पण दुपारी चहा पिताना ते वासरू काही डोळ्यांपुढून हलेना. चहा सोडला नाही, खोटं कशाला बोलू!

फक्त एक सांगा. गाय वासरासाठी दूध राखून ठेवते, त्याला तुमच्याकडं काय म्हणतात? 'चोरला' सोडून दुसरा शब्द पाहिजे. उद्या सकाळी मावशी परत रांगेत असणार.