टेपच्या शेवटची दोन मिनिटं

वसंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात मुलांना फाइल उघडायला आणि बंद करायला शिकवत होते. फोन त्यांच्या सुनेचा होता. "मॅडम, दादा सकाळी गेले. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत..." मुलांना सुट्टी दिली आणि पोलादपूरची एसटी पकडली. महाडहून पोलादपूर काही लांब नाही, पण त्या दिवशी खिडकीत बसल्यावर दुःखाच्याही आधी एक भलताच विचार मनात आला आणि त्याची मला लाज वाटली. मी केलेली एक चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती. ती खरी कुणाची हे आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असं मला वाटलं. थोडं सुटल्यासारखंही वाटलं. म्हणूनच महिन्याभराने हे लिहायला बसले आहे.

दादा मूळचे डोंगरातल्या कुडपण गावचे. पोलादपूरला स्टँडजवळ त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. कुडपणात फोन नव्हता आणि घरातले कर्ते पुरुष मुंबईला होते, त्या काळात तिथे कॅसेटची पत्रं चालत. लिहिता येणारे मोजके. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं तर मनातलं निम्मं मनातच राहायचं. म्हणून मुंबईचा माणूस कॅसेटमध्ये बोलायचा, गावी निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती द्यायचा, आणि दादा आपला टू-इन-वन टेपरेकॉर्डर घेऊन वर कुडपणला जायचे. घरची मंडळी भोवती बसून ऐकायची आणि मग त्याच कॅसेटवर, अगदी सुरुवातीपासून, आपलं उत्तर भरायची. त्यामुळे प्रत्येक उत्तर आधीच्या पत्रावर चढायचं. उत्तर लहान असलं तर शेवटी जुन्या पत्राचं शेपूट तसंच राहायचं. पुढे फोन आले, कॅसेटी ट्रंकांमध्ये पडून राहिल्या, आणि दादांच्या दुकानावरही कुलूप लागायची वेळ आली.

एके दिवशी हे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ पिशवीभर कॅसेटी घेऊन माझ्या महाडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हजर झाले. सगळ्या कुडपणच्या घराघरांतून गोळा केलेल्या. त्यांना त्या कॉम्प्युटरमध्ये घालून ज्याचा आवाज त्याच्या घरी परत द्यायचा होता. मी म्हटलं, "दादा, त्यासाठी तयार सॉफ्टवेअर असतं. बटण दाबलं की काम झालं." ते खुर्ची ओढून बसले. "बटनं मी पन्नास वर्षां दाबली मॅडम. आत काय व्हता ते मला बघायचा हाय." माझा स्वभाव तसा तापट. एवढ्या वयात कशाला हा उपद्व्याप, असं तोंडावर म्हणाले. त्यांनी नुसतं हसून दप्तरासारखी पिशवी मांडीवर घेतली आणि पहिल्या बाकावर, अकरावीच्या पोरींच्या शेजारी, ठाण मांडलं.

वाचकांसाठी थोडं सांगते. आवाजाची फाइल उघडण्याचा आणि लिहिण्याचा सगळा खटाटोप आपल्याला करावा लागत नाही. तो कोड कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. त्याला लायब्ररी म्हणतात. तिला फाइलचं नाव दिलं की ती फाइल वाचून आपल्या हाती दोन गोष्टी देते. एक म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग, आणि दुसरी म्हणजे एका सेकंदात त्यातले किती आकडे वाजवायचे याचा हिशोब. माणसाचं रडणं-हसणं, खोकला, मागे आरवणारा कोंबडा, सगळं त्या रांगेत. दादा एका बोटाने टाइप करायचे आणि घरी नेण्यासाठी तोच कोड वहीत देवनागरीत उतरवायचे. पहिली फाइल त्यांनी स्वतः वाचून परत लिहिली तेव्हा सेकंदाचा आकडा दुप्पट पडला, आणि कुडपणचे एक भारदस्त आजोबा चिमणीसारखे चिवचिवू लागले. पोरी पोट धरून हसल्या. मी आता तासभर समजावून सांगावं लागणार म्हणून कपाळाला हात लावला. दादा शांतपणे म्हणाले, "मोटर फास्ट धावली. आवाज धड हाय, वेग चुकलाय." त्यांनी आकडा निम्मा केला आणि आजोबा आजोबांसारखे बोलू लागले. इतकी वर्षं मी हा धडा शिकवते, पण त्यापेक्षा सोपा करून तो मला कधीच सांगता आला नाही. आता मी मुलांना मोटरच सांगते.

मग आम्ही दोघं मिळूनच काम करू लागलो. दादा टेपचं हेड स्पिरिटने पुसायचे, कॅसेट लावायचे, मी स्पीकर बंद ठेवून फाइल भरून घ्यायचे. भरून झाली की दादा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत. मधला मुका भागसुद्धा. "दादा, तिथे काही नाही, पुढे सरका," मी म्हणायची. "नाय कसा? कोनतरी श्वास घेतोय," ते म्हणायचे. मला त्या वेळी हा शुद्ध वेळखाऊपणा वाटायचा, आणि मी तो बोलूनही दाखवायची.

अशात तानूकाकींची कॅसेट आली. काकी कुडपणच्याच. त्या काळी नवरा मुंबईला. त्यांचं पत्र आलं, काकींनी त्यावर उत्तर भरलं, आणि कॅसेट परत जाण्याआधीच ते मुंबईला वारल्याची बातमी आली. कॅसेट घरातच राहिली. काकींचं उत्तर लहान होतं. ते संपल्यावरही बटण दाबलेलंच राहिलं असावं, म्हणून बराच वेळ नुसती खरखर, आणि मग पुसायची राहिलेली शेवटची दोन मिनिटं काकांचा आवाज. जुनी टेप इतकी कुजली होती की दादांनी ती जेमतेम एकदा वाजवली आणि ती आत गुंडाळून तुटली. पण फाइल मिळाली होती. त्यांनी काकींच्या पुतण्याला फोन करून निरोप दिला, "काकीला सांग, आवाज हाय. घेऊन येतो."

आणि तो आवाज मी घालवला. सगळ्या फाइलींच्या शेवटी रिकामी टेप होती, जागा अडत होती, म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आकडे बराच वेळ शून्याच्या आसपास राहिले की बोलणं संपलं समजायचं, पुढचं कापायचं आणि फाइल त्याच नावाने पुन्हा लिहायची. त्याच नावाने लिहायला सांगितलं की लायब्ररी तुम्हाला विचारत बसत नाही. जुनं रिकामं करते आणि नवं ठेवते. हे मी दर वर्षी पोरांना ओरडून सांगते. आधी नक्कल करा, मग हात लावा. मी नक्कल नंतर करणार होते. बाकीच्या फाइलींची शेपटं कापली गेली ती कॅसेटी पुन्हा वाजवून मिळाली. तानूकाकींच्या फाइलीत मात्र मधल्या खरखरीपाशीच कात्री चालली, काकांची दोन मिनिटं गेली, आणि ती कॅसेट पुन्हा वाजणार नव्हती. पुसलेल्या फाइली परत आणायचे जेवढे उपाय ठाऊक होते तेवढे केले, पुण्याच्या मित्रांना विचारलं. काही उपयोग झाला नाही. दोन दिवस मी दादांचे फोन उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "चल," म्हणाले, "काकीला सांगून येऊ."

जीपने वर जाताना मी वाक्यं जुळवत होते. काकींच्या ओट्यावर टेकलो, पाण्याचे तांबे पुढे आले, आणि मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाले, "काकी, आवाज नाय ऱ्हायला. माझ्या हातनं पुसला गेला." काकी पदराने भांडं पुसत होत्या, ते पुसतच राहिल्या. आणि मी, जी वर्गात पोरांना चुका कबूल करायला लावते, ती तिथे डोळे पुसत गप्प बसून राहिले.

खाली येताना मी भांडले त्यांच्याशी. "तुम्ही का घेतलंत अंगावर?" ते म्हणाले, "लोक त्यांची मानसं तुझ्या हाती देतात गो मॅडम. तुझ्यावरचा भरवसा उडाला तर उरलेल्या कॅसेटी ट्रंकेतच कुजतील. म्हातारा चुकला म्हटला की कोन मनावर घेत नाय." त्यांचं गणित बरोबर निघालं. कॅसेटी येत राहिल्या. पुढच्या वर्षभरात आम्ही घरोघरी आवाज पोचवले. बिरवाडीच्या एका कारखान्यात कामाला असलेला माणूस आईचा आवाज ऐकून माझ्या क्लासच्या पायरीवर तासभर बसून होता. त्या प्रत्येक आनंदाचं श्रेय मला मिळालं, दादांच्या वाट्याला मात्र तो एक बट्टा राहिला. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, मला कधी टोचून बोलले नाहीत. आजही एखादा मुलगा घाबरत घाबरत चूक सांगायला येतो तेव्हा माझा आवाज चढत नाही, तो दादांमुळे. हे ऋण मी त्यांना जिवंतपणी बोलून दाखवलं नाही, याचं वाईट वाटतं.

त्यांचं तेरावं झाल्यावर मी एकटी कुडपणला गेले. तानूकाकी तांदळातले खडे निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काकी, दादांनी नाही, मी पुसला काकांचा आवाज.

काकींनी मान वर केली नाही. "माला म्हाईत हाय."

"दादांनी सांगितलं?"

"त्यो कशाला सांगल? तू त्या दिवशी दारात रडत व्हतीस. त्यो नाय रडला. ज्याच्या हातनं जाता त्यो रडतो." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्याला वाटत व्हता मला फसवला. मी म्हटला, वाटू दे. तुझी लाज ऱ्हाते तर ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला मुळीच ठाऊक नव्हतं. दादा दर महिन्याला कुडपणला जायचे, ते शेताकडे जातात अशी माझी समजूत होती. ते काकींकडे जायचे. ती दोन मिनिटं त्यांनी ऐकली होती, डोळे मिटून, शेवटपर्यंत. ती त्यांना पाठ होती. ओट्यावर बसून ते काकींना काकांचं बोलणं जसंच्या तसं सांगायचे, कुठे काका थांबले, कुठे खाकरले, तेसुद्धा. मग चहा घेऊन उठायचे.

"आता कोन सांगनार?" काकी म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू पन ऐकला असशील की गो. तू सांग."

मी त्या फाइलीतले आकडे मोजले होते, त्यांचा आलेख काढला होता, तिची लांबी सेकंदात सांगू शकले असते. पण ऐकली नव्हती. एकदाही नाही. हे त्या बाईला सांगणं पुसल्याच्या कबुलीपेक्षा जड गेलं.

काकी रागावल्या नाहीत. "मंग बस," म्हणाल्या. "मी सांगते. माला बी पाठ झालाय आता." मी फोन काढला तसा त्यांनी माझा हात धरला. "त्यात नको भरू गो. त्यातला पुसला जाता. ऐक."

आणि त्या बोलू लागल्या. पावसाच्या आधी कौलं चाळून घे. म्हशीला त्या उतरणीला सोडू नकोस. पोरगा शाळेत जातो का, मारू नकोस त्याला. इथे त्या खाकरल्या. मला नवीन खोली मिळाली हाय, खिडकी हाय खोलीला... टेप संपत आली वाटतं. बाकीचा आल्यावर सांगतो.

तीनदा म्हणून घेतलं त्यांनी माझ्याकडून. दोनदा मी खाकरायला विसरले. पुढच्या महिन्यात मी जाणार आहे. तेव्हा मी सांगायचं आणि काकींनी ऐकायचं, असं ठरलं आहे.