लगदा वाळेपर्यंत

सदर भागातल्या चहाच्या टपरीसमोर मी तासभर ताटकळत उभा होतो आणि मनातल्या मनात प्रभाकरला शिव्या घालत होतो. चष्म्याच्या दुकानात सोबत यायचं त्यानंच कबूल केलं होतं. हा माणूस आयुष्यात कुठे वेळेवर पोचला नाही... शेवटी सायकलवरून त्याचा थोरला भाऊ आला. उतरला, स्टँड लावलं आणि म्हणाला, "प्रभाकर सकाळीच गेला गा. हार्ट." माझ्या तोंडात तेव्हाही शिवीच होती. ती तशीच राहिली. आज दोन महिने होत आले, राग पुरता उतरलेला नाही.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. नोकरी लागल्यावर लोक ट्रान्झिस्टर घेत. यानं जुनी खेळणी गोळा करायला सुरुवात केली. चावीचे पत्र्याचे बेडूक, कागदाच्या लगद्याचे मान हलवणारे म्हातारे आणि लाकडी बैल. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे लहान मुलं असले बैल सजवून मिरवतात. त्यातले जुने, पाय मोडके मिळवायला हा एस.टी.नं पार पारशिवनीपर्यंत जायचा, सोबत मला ओढायचा, आणि येताना बैल माझ्या मांडीवर! बरं, आणून कपाटात जपून ठेवील तर शपथ. गल्लीतली पोरं ते सगळं मोडायची आणि हा मैद्याची खळ अन् रद्दीचा लगदा घेऊन पुन्हा जोडत बसायचा.

"काहून देतो बे त्यायले?"

"मंग खेळणं कशासाठी असते?"



एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. माझी मावसबहीण कुसुम हिच्यासाठी मीच प्रभाकरचं नाव सुचवलं होतं. तिचे वडील, म्हणजे माझे मावसे, मौद्याला मास्तर, वेळेचे कडक. पोळ्याची सुट्टी म्हणून त्या सकाळी मुलगी पाहायला बोलावलं. एस.टी.तून उतरलो आणि "तू हो पुढे, मी आलोच," म्हणून हा जो गायब झाला... पोहे झाले, दुसऱ्यांदा चहा झाला. कुसुम आत नेसून बसलेली, मावसे घड्याळाकडे बघताहेत, आणि मी नुसता घाम पुसतोय. तीन तासांनी स्वारी आली. कोपरापर्यंत लगदा, नव्या शर्टावर खळ.

"स्टँडजवळ एक पोट्टी रडून राहिली होती," तो मावशांनाच सांगू लागला. "उद्या तान्हा पोळा, अन् तिच्या बैलाचा पाय मोडला. हॉटेलात मैदा मागितला, पाय लावून भट्टीशी धरून बसलो. पण लगदा वाळूनच नाही राहिला होता."

मावसे उठून आत गेले. दाराआडून कुसुमचं हसू मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. पण तेव्हा तिला कोण विचारतो?

परतीच्या गाडीत मी त्याला धारेवर धरलं. "तुले समजते का, काय घालवलं तू?"

तो शर्टावरची वाळलेली खळ नखानं खरवडू लागला. "समजते गा. हसली, ते ऐकलं मी." मग हळूच म्हणाला, "पण बैल उभा राहिला..."

मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. त्यानं पुढे कुणालाच आपल्या लग्नाचा विषय काढू दिला नाही. हसू ऐकलं होतं, तर दुसऱ्या दिवशी जाऊन मावशांच्या पाया पडायचं होतं! पण नाही.

तो गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्याच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी खेळण्यांची खोली रिकामी करून द्या." रविवारी पोती घेऊन गेलो, तर पायरीवर सहा-सात पोरं बसलेली. दर रविवारी हा त्यांना कागदाची भिरभिरी करून द्यायचा म्हणे. मला कधी बोलला नाही.

"प्रभाकरकाका आता येणार नाही," मी म्हणालो. ते त्यांना ठाऊक होतं. एका परकरी पोरीनं माझ्या हातात कागद अन् टाचणी ठेवली. "मंग तुम्ही करा नं."

पोती अजून घडीच्या घडी पडून आहेत. चार रविवार झाले, माझी भिरभिरी फिरत नाही. वाऱ्यात नुसती थरथरते आणि पोरं मलाच दम देतात, "काका असं नव्हते करत!" मी पुन्हा कागद कापायला घेतो. तेवढं एक शिकवून जायला काय झालं होतं बे तुला...