मळणं कशाला म्हनायचं

आमच्या शेजारच्या भाकरीवाल्या मावशीसारखं पीठ मळणारं अख्ख्या सोलापुरात दुसरं कुणी न्हाई. हे मी न्हाई, मावशीच सांगायची, रोज. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांवर, कामगारांना डबे जायचे तिचे, आणि मळणं हा शब्द ती कुणाला सहजासहजी लावायची न्हाई. समोरची वहिनी म्हणे पीठ नुसतं कालवती, माझी सासू चेपती. कणीक बी मळायची नसती, ती तिंबायची. मळायची फकस्त जवारी, एका भाकरीपुरती, तळहाताच्या बुडानं. मी एकदा "कणीक मळली" म्हनले, तर बाईनं तीन दिवस शेंगाचटणी दिली न्हाई.

माझी पोरगी दोन महिन्यांची. मला आई न्हाई, सासूचे गुडघे गेलेले, म्हणून मावशीच पोरीला न्हाऊ घालायची. मला हात लावायचीच भीती, मान अशी लुळी, निसटली तर, मोडली तर. झोप न्हाई, अंगात जीव न्हाई, आणि त्यात मावशी म्हनली, पुढच्या सोमवारी वैरागला ल्येकाकडं चालले, कायमची. मी रडायलाच लागले.

"रडती काय? बस हितं, पीठ घे."

आता पोरीचा आणि पिठाचा काय संबंध? पर मावशीला इचारणार कोण? बसले. बोटांनी करायला लागले तर, "अगं ए, गुदगुल्या करतीस व्हय पिठाला?" जोर लावला तर, "भांडान हाय का त्याच्याशी?" पाच दिवस माझ्या भाकरीला चिरा, आणि त्या समद्या मीच खाल्ल्या. "एक हात जोर देतो, दुसरा सोडत न्हाई," मावशी म्हनायची, "येवढंच मळणं."

सहाव्या दिवशी भाकर टम्म फुगली. मावशीनं परात बाजूला सारली. पाय लांब करून बस म्हनली आणि तेल लावायला पोरगी माझ्या पायांवर पालथी टाकली.  मी एक हात तिच्या छातीखाली धरला, सोडला न्हाई, दुसऱ्यानं तेल लावलं. पोरगी रडली बी न्हाई, मीच रडले.

"हां," मावशी म्हनली, "पर ह्याला मळणं म्हनू नको. लेकराला चोळायचं असतंय." तितं बी चूक काढलीच!

आता रोज सकाळी वैरागहून फोन येतो. "न्हाली का पोरगी?" व्हय म्हनते. मग मावशी म्हनती, "हितं सून पिठाला हातच लावू देत न्हाई गं, आराम करा म्हनती. तुजा फोन परातीजवळ ठेव की, आवाज तरी ऐकते."

मी ठेवते. आणि जवारी घेऊन बसते, तळहाताच्या बुडानं. तिकडनं मावशी चूक काढंल म्हणून वाट बघते. हल्ली काढत न्हाई.